वैशाखात शरदाचे दिवस

या दिवसांत दुपारी दोनच्या सुमारास आमच्या घरी कोणी आले, तर त्यास आम्ही मेजाशी बसलेले दिसू. समोर रविवारच्या प्रवचनाचे टिपण असते. त्यावर दोन ओळी उतरलेल्या असतात, आणि तिसरीच्या जागी घामाचा थेंब पडून शाई पसरलेली असते. वीज सकाळीच गेलेली. कौले तापून तडतडत असतात. आवारातील विहिरीत कोणी घागर सोडली, तर ती पाण्यात बुडाल्याचा आवाज न येता तळच्या खडकावर आपटल्याचा येतो. अशा वेळी आमचे मन कोठे असते, हे वाचकांपासून लपवून काय उपयोग? ते मे महिना मागे टाकून, जूनपासूनचे चारही महिने एका उडीत ओलांडून, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊन बसलेले असते.

हा आमचा दोष जुना आहे. पुण्यास सेमिनरीत शिकत असताना आम्हांस एक वृद्ध युरोपीय अध्यापक होते. ऑक्टोबर उजाडला की ते वर्गाच्या खिडकीशी उभे राहून आपल्या गावच्या पानगळीविषयी बोलू लागत. दिवस लहान होऊ लागले की तिकडची झाडे पानांतील हिरवा रंग मोडून टाकतात, तेव्हा खाली दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. तांबडा रंग मात्र त्याच दिवसांत पानांत नव्याने तयार होतो. आणि मग एका रात्रीच्या वाऱ्यासरशी सगळी वाट पानांनी झाकून जाते, असे ते सांगत. सांगता सांगता त्यांचा धडा मागे राही. आम्ही ऐकत असू आणि त्याच खिडकीतून बाहेर पाहत असू. बाहेर आंबा हिरवागार, चिंच हिरवीगार, भिंतीवरचे शेवाळसुद्धा हिरवे. तरीही कित्येक वर्षे ‘शरद’ म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे त्या परक्या गावची तांबडी वाटच उभी राहत असे. पाहिलेली नसताना एखाद्या गोष्टीची आठवण यावी, हे चमत्कारिक खरे; पण शाळेतील इंग्रजी पुस्तकांनी आमच्या पिढीतील पुष्कळांचे असे केले आहे.

आपल्याकडे शरदात पाने गळत नाहीत. आपली पानगळ शिशिरातली. माघ-फाल्गुनात, थंडी सरता सरता, जमिनीतील ओल आटली की झाडे पाने टाकतात. रानात तेव्हा तांबडा रंग दिसतो, पण तो कुसुंबाच्या कोवळ्या पालवीचा; ती पाने गळावयाची नसतात, नुकतीच फुटलेली असतात. आश्विन-कार्तिक हे आपले शरदाचे महिने, आणि त्या दिवसांत आमचा खानापूर तालुका जितका भरलेला असतो तितका वर्षात दुसऱ्या कोणत्याही दिवसांत नसतो. हे कळावयास आम्हांस या भागात नेमणूक होऊन तीन-चार वर्षे राहावे लागले. आता मात्र त्या परक्या वाटेची आठवण येत नाही. आता आठवतो तो बेळगावहून जांभोटीकडे जाणारा रस्ता.

गेल्या बुधवारी त्याच रस्त्याने जाण्याचा प्रसंग आला. सकाळी दूरध्वनीवर निरोप आला की जांभोटीच्या अलीकडच्या एका वाडीतील आजोबांनी आम्हांस तातडीने बोलावले आहे. आजोबांचे वय ऐंशीच्या घरात. गुडघ्यांमुळे वर्षभर ते मिस्साला येऊ शकलेले नाहीत. निरोप देणाऱ्या मुलास अधिक काही सांगता येईना. आम्ही समजावयाचे ते समजलो, पवित्र तेलाची कुपी पिशवीत घातली, आणि त्या दिवशी बेळगावात एक काम होते ते घाईने उरकून चोर्ल्याच्या रस्त्याची बस धरली.

बस भरलेली होती. लग्नसराईचे दिवस, डब्यांचे, गाठोड्यांचे आणि आंब्यांच्या करंड्यांचे राज्य. पिरनवाडी मागे पडली तशी दोन्ही बाजूंस तांबडी शेते लागली. नांगरून टाकलेली, तापलेली, आणि त्यांत सारख्या अंतरावर शेणखताचे लहान लहान ढीग. दृश्य तसे रखरखीतच. पण आम्ही ते पाहत नव्हतो. आम्ही त्या शेतांत रताळी पाहत होतो. याच तांबड्या जमिनीत पावसाळ्यात वेल लावतात, आणि नवरात्राच्या सुमारास बायका रांगेने बसून रताळी काढू लागतात. ओल्या मातीचा आणि तुटलेल्या वेलीच्या चिकाचा एक कोवळा वास रस्त्यापर्यंत येतो. मग पोत्यांच्या थप्प्या बेळगावच्या बाजाराकडे निघतात. त्याच दिवसांत ओल्या भुईमुगाच्या शेंगा निघतात. संध्याकाळी कोणाच्या तरी अंगणात त्या मडक्यात शिजत असतात, आणि धर्मगुरू वाटेने चालले आहेत असे पाहिले की ओंजळभर शेंगा त्यांच्या हाती पडल्याशिवाय राहत नाहीत. बसमध्ये उभ्याने, एका हाताने दांडी धरून, आम्ही त्या शेंगा सोलीत होतो म्हणा ना.

कुसमळीस मलप्रभेवरचा पूल लागतो. पूल ओलांडून थोडे पुढे गेलो नाही तोच बसच्या पुढच्या अंगातून वाफ निघू लागली. चालकाने गाडी झाडाखाली उभी केली व पाण्याची डबकी शोधण्यासाठी वाहकास नदीकडे पाठविले. डबकीच शोधावी लागतात, कारण मे महिन्यात मलप्रभेचा प्रवाह नावापुरताच उरलेला असतो. खडकांत कोठे कोठे साचलेले पाणी, त्यात नाकापर्यंत बुडालेल्या म्हशी. गाडी थंड होण्यास अर्धा तास लागेल असे वाहकाने सांगितले. तो अर्धा तास पुढे दीड तासाचा झाला. उतारू झाडाखाली पांगले. आम्हीही एका मुळीवर टेकलो, आणि आमचे मन आम्हांस तेथेच सोडून पुढच्या रस्त्याने एकटेच निघाले.

ऑक्टोबरात या पुलाखाली उभे राहावे. पावसाळ्यातील गढूळपणा तोवर बसलेला असतो. पाणी भरपूर असते आणि तरी तळचे गोटे मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात याच नदीने खाली रामदुर्गाकडे लोकांची दैना केली, यावर त्या दिवसांत विश्वास बसत नाही. काठच्या गोट्यांवर धोबी पक्षी शेपटी हलवीत फिरत असतो. तो आमच्यासारखाच परगावचा. थंडीच्या आधी उत्तरेकडून येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. तो दिसला की पाऊस संपला असे आम्ही धरून चालतो.

पुढे जांभोटी, आणि जांभोटी सोडली की रान. पहाटे निघालात तर रस्त्यावर धुके असते. ते विरळ होऊ लागले की गवताच्या पात्यापात्यावर कोळ्यांची जाळी दिसू लागतात. एरवी ती तेथे असतातच, पण दव पडल्यावाचून आपल्या दृष्टीस पडत नाहीत. कड्याच्या माथ्यावर सोनकीची पिवळी फुले, ओढ्याकाठी तेरडा. आभाळ घासून पुसून ठेवल्यासारखे निळे. कणकुंबीस, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, मलप्रभा उगम पावते. समुद्र पश्चिमेस इतका जवळ असून ती त्याच्याकडे पाठ फिरविते आणि ३०४ किलोमीटर पूर्वेस जाऊन कुडलसंगमास कृष्णेला मिळते. याच तालुक्याच्या रानात निघालेली महादयी मात्र पश्चिमेची वाट धरते आणि गोव्यात मांडवी होते. तिच्या पाण्याच्या वाटणीविषयी लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये निवाडा दिला, तरी वाद शमलेला नाही. आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांचे सोयरे सीमेच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे आम्ही त्या विषयात तोंड घालीत नाही. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात कणकुंबीच्या पुढे एका उघड्या सड्यावर आम्ही तासभर बसलो होतो. पूर्वेकडे पिकत आलेल्या भाताचे पिवळे तुकडे, पश्चिमेकडे गोव्यात उतरणारे काळेभोर रान, आणि मधल्या गवतावरून जाणारा थंड वारा. तो वारा आम्हांस या वैशाखातही, कुसमळीच्या त्या झाडाखाली, मानेवर लागल्यासारखा वाटला.

“फादर, खावा.”

डोळे उघडले तो एक वृद्ध बाई करवंदांचा द्रोण पुढे करून उभी होती. बाजारात न्यावयाची तिची पाटी गाडी बिघडल्यामुळे तेथेच विकली जात होती. आम्ही पैसे काढू लागलो, ते तिने घेतले नाहीत.

“आता खाल्ली तर गोड,” ती म्हणाली, “एकदा पावसाचं पाणी लागलं की अळ्या पडत्यात त्यांच्यात.”

करवंदे खरोखरच उत्तम होती. आम्ही थोडे खजील झालो. समोर करवंदीची जाळी काळी झालेली, शेजारच्या करंडीतून हापूसचा वास येत असलेला, वर फणस लटकलेले, आणि आम्ही पाच महिन्यांनंतरच्या शेंगा सोलीत बसलेलो. बरे, ऑक्टोबर आला म्हणजे तरी आम्ही ऑक्टोबरात असतो काय? त्या दिवसांत दुपारी ऊन असे तिरमिरी आणणारे पडते की आम्ही उंबरठ्यावर बसून आंब्याच्या रसाच्या गोष्टी बोलतो, हे आमच्या स्वयंपाक्यास चांगले ठाऊक आहे.

शिवाय त्या एका उडीत आम्ही काय काय ओलांडतो, तेही पाहावे. पागोळ्यांखाली ठेवलेली भांडी, कपाटातील पुस्तकांना आलेली बुरशी, पायाला चिकटणाऱ्या जळवा, चिखलात रुतलेली मोटारसायकल, इरली पांघरून वाकलेल्या बायकांची भांगलण, तापाने फणफणलेली मुले. हे सगळे गाळून जो शरद उरतो तो गोड लागला तर नवल नाही.

आजोबांचा नातू मोटारसायकल घेऊन शोधीत आला आणि आम्हांस वाडीवर घेऊन गेला. वाटेत आम्ही त्यास आजोबांच्या प्रकृतीविषयी विचारले. वाऱ्यामुळे त्याचे उत्तर ऐकू आले नाही. घरापुढे उतरलो तो आजोबा पडवीत बसलेले, मांडीवर सूप, सुपात भाताचे बियाणे. ते एकेक चिमूट उजेडात धरून पळंज वेचून टाकीत होते. आमच्या पिशवीकडे त्यांनी पाहिले आणि त्यांचे सगळे तोंड हसले.

“ती कुपी तशीच ऱ्हाऊ दे पिशवीत, फादर. भात घरात आल्याबिगर मी कुठं जात न्हाई.”

बोलावले होते ते नातीच्या लग्नासाठी. हे लग्न ठरून वर्षे झाली. २०२३ साली मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला पोहोचला, आणि त्या वर्षीचा ऑगस्ट तर देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. आजोबांचे भात पोटरीतच राहिले, लोंब्या बाहेर आल्या त्या पोकळ. तेव्हा लग्न पुढे गेले. गतवर्षी पीक चांगले होते, पण कापून वाफ्यात पसरलेल्या भातावर अवेळी पाऊस पडला आणि दाण्यांना मोड आले. पुन्हा लग्न पुढे गेले. मुलाकडची मंडळी भली, म्हणून अद्याप थांबली आहेत. आता आजोबांस नोव्हेंबरचा तिसरा शनिवार हवा होता. त्यानंतर आगमनकाळ लागतो, आणि त्यात आमच्याकडे लग्ने करीत नाहीत.

“जानेवारीत घेतली तर?” आम्ही विचारले. “तोवर सगळे हाती आलेले असेल. धावपळ नको.”

आजोबांनी सूप खाली ठेवले. जानेवारीपर्यंत भात घरात राहत नाही, असे त्यांनी सांगितले. सोसायटीचे कर्ज, खताच्या दुकानातील उधारी; नाताळ होतो न होतो तोच पोती निघून जातात. नातीच्या लग्नाचा भात विकत आणलेल्या तांदळाचा होऊ नये, एवढीच त्यांची इच्छा. त्यासाठी त्यांनी घरामागच्या तुकड्यात थोडी बासमती पेरण्याचेही ठरविले आहे.

ऊन उतरल्यावर नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ते आम्हांस शेत दाखविण्यास घेऊन गेले. घराजवळची पट्टी त्याच दिवशी सकाळी पेरून झाली होती. धूळवाफ पेरणी वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची आहे; आम्ही मात्र तिचे मर्म प्रथमच नीट समजून घेतले. जमीन वळवाच्या पहिल्या सरीनंतर नांगरतात, ढेकळे फोडतात, कुळवून कुळवून पिठासारखी करतात, आणि कोरड्या धुळीत कुरीने भात पेरून वरून फळी फिरवितात. वर कणकुंबीकडे पाऊस फार, तेथे रोप टाकून लागण करणे बरे. इकडे मात्र एकदा मोठा पाऊस लागला की शेतात कुरी चालत नाही, म्हणून बी आधीच जमिनीत गेलेले असावे लागते. आम्ही खाली वाकून धुळीत हात घातला. ती तव्यावरच्या राखेसारखी गरम होती. या गरम राखेत मूठमूठ दाणे टाकून घरी जाऊन निजावयाचे, हे आमच्याच्याने झाले नसते.

“इतक्या उन्हात बी मरत नाही?” आम्ही विचारले.

“कोरड्यात मरत न्हाई, फादर. पंधरा दिस, तीन आठवडेसुद्धा निवांत निजतंय. मुंग्यांनी न्हेलं तर तेवढं जातंय. भ्या असतंय ते अर्ध्या पावसाचं. वरची माती भिजली की ते उठतंय. आणि मग खाली ओल न्हाई, वरनं पाणी न्हाई. उठलेलं परत निजत न्हाई.”

आम्हांस आमच्या दुपारच्या प्रवासाची आठवण झाली, आणि सहज विचारले की ऑक्टोबरात त्यांना काय आवडते. प्रश्न त्यांना जरा विचित्र वाटला असावा. काम असते, म्हणाले. राखण असते. संध्याकाळ झाली की गवे रानातून उतरतात, रानडुकरे येतात. एखाद्या वर्षी दांडेलीच्या बाजूने हत्तीही येतात, आणि मग एका रात्रीत सगळे तुडविले जाते. माळ्यावर बसून डबे वाजवावयाचे, शेकोटी पेटती ठेवावयाची, झोप नाही. मग थोडे थांबून ते म्हणाले की भात निसवू लागते त्या दिवसांत रात्री माळ्यावर वास येतो. दिवसा येत नाही असे नाही, पण रात्री वारा पडला म्हणजे फार येतो. दुधासारखा. थोरल्या भावाबरोबर ते पहिल्यांदा माळ्यावर गेले तेव्हा आठ वर्षांचे होते, आणि त्या वासानेच त्यांना झोप लागली होती. भावाने त्यासाठी मारले होते.

आम्ही या तालुक्यातील इतके ऑक्टोबर पाहिले, पण भाताच्या शेतावर रात्र काढलेली नाही. तो वास आम्हांस ठाऊक नाही.

एवढ्यात चोर्ल्याच्या बाजूने आभाळ काळवंडले. वारा सुटला, धूळ उडाली, दूरवर गडगडले, आणि टपटप मोठे थेंब पडू लागले. तापलेल्या मातीचा वास उठला. दिवसभर उन्हाने भाजलेल्या आम्हांस तो इतका सुखाचा वाटला की आम्ही तोंड वर करून उभे राहिलो आणि काहीतरी आनंदाचे बोललोही. आजोबांकडून उत्तर आले नाही. पाहिले तो ते पेरलेल्या पट्टीकडे एकटक पाहत होते. धुळीवर थेंबांचे बारीक बारीक खड्डे पडत होते.

“ये, तर पुरता ये,” ते आभाळाला उद्देशून हळू म्हणाले. “न्हाईतर जा की पुढं.”

पाच-सात मिनिटांत सर थांबली. आजोबांनी नातवास खाली बसविले. त्याने पेरलेल्या जमिनीत बोट खुपसून पाहिले. पेरभर भिजले होते की त्याहून कमी, यावर दोघांचे बोलणे झाले. नातू म्हणाला कमी. आजोबांनी त्याचे बोट स्वतःच्या डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि काही बोलले नाहीत.

शेवटची बस मिळावयाची म्हणून आम्ही तेथून निघालो. घरी पोहोचण्यास रात्रीचे नऊ वाजले. वीज आलेली होती. विवाहांच्या वहीत नोव्हेंबरचा तिसरा शनिवार काढून आम्ही दोघांची नावे आणि वेळ लिहिली, सकाळी दहा.

त्याला आज चार दिवस झाले. आभाळ पुन्हा निरभ्र आहे. विहीर आहे तशीच आहे, आणि प्रवचनाचे टिपण अद्याप तिसऱ्या ओळीपाशी आहे. आताच वाडीहून फोन आला होता: दाणे उकरून पाहिले, काही फुगले आहेत, बरेचसे अजून कोरडे आहेत. रोहिणी निघण्यास दोन दिवस आहेत.